दोन दिवसांचं स्टेडियम

आमच्या ह्यांचा त्या दिवशी सकाळपासून अबोला होता. तारीख 9 जून 2024, वार रविवार. टी-ट्वेंटी विश्वचषकातला भारत-पाकिस्तान सामना न्यूयॉर्कला, लंडनच्या घड्याळात दुपारी साडेतीनला सुरू होणार. आणि जावईबुवांनी आम्हा पाचही जणांची तिकिटं काढून ठेवलेली, तीही त्याच दुपारची आणि चक्क बेसबॉलची. तिकिटं काढताना विश्वचषकाच्या वेळापत्रकाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. “पाकिस्तानची मॅच टाकून भलत्याच खेळाला कोण जातं?” एवढं एक वाक्य चहाच्या कपाशी बोलून हे गप्प झाले. ट्रेनमध्ये खायला तिखटमिठाच्या पुऱ्या भरत मीही गप्पच राहिले. मला जायचंच होतं. कॉलेजात दोन वर्षं सॉफ्टबॉल खेळले होते मी, तेही बऱ्यापैकी. घरात कुणाला त्याचं कधी कौतुक वाटलं नाही, ही वेगळी गोष्ट.

लेकीचं घर किंग्जबरीला. तिथून ज्युबिली लाइनमध्ये बसलं की गाडी न बदलता थेट स्ट्रॅटफर्ड. वाटेत सेंट जॉन्स वुड स्टेशन आलं तसे ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बोगद्याची भिंत होती, पण वर लॉर्ड्स आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एक लांब उसासा सोडला.

त्या उसाशाला मी मनातल्या मनात हसले. कारण अमेरिकेतले पहिले बेसबॉलवाले इंग्लंडला आले तेव्हा याच लॉर्ड्सवरही खेळले होते. साल 1874. बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज आणि फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्स हे दोन संघ बोटीतून समुद्र ओलांडून आले. इंग्रजांना आपला खेळ दाखवायचा, हा हेतू. पण इंग्रज यजमानांची अट अशी की पाहुण्यांनी क्रिकेटही खेळून दाखवावं. लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध त्यांनी अठरा जण उतरवले, आडव्या बॅटने चेंडू टोलवले आणि त्या दौऱ्यात क्रिकेटचा एकही सामना हरले नाहीत. बेसबॉल मात्र इंग्रजांनी सभ्यपणे पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन विसरले. बॉस्टनच्या संघाचा सूत्रधार हॅरी राइट. हा गृहस्थ जन्मला शेफिल्डला, म्हणजे इंग्लंडातच. न्यूयॉर्कच्या एका क्लबात तो पगारी क्रिकेटपटू होता. तिथून बेसबॉलकडे वळला आणि 1869 मध्ये सिनसिनाटीत उघडपणे पगारी म्हणवणारा पहिला संघ त्याने उभा केला. अमेरिकेत धंदेवाईक बेसबॉलचा पाया घालणारा माणूस क्रिकेटच्या घरातला होता.

स्ट्रॅटफर्डला उतरून ऑलिंपिक पार्कमधून चालत गेलो. समोर लंडन स्टेडियम. 2012 च्या ऑलिंपिकसाठी ते बांधलं, 2016 पासून ते वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबचं घर झालं. एरवी हिरव्या आयताभोवती लोक बसतात. आत पाऊल टाकल्यावर लेक म्हणाली, “आई, हे तर नवीनच स्टेडियम आहे!” एका अर्थी ते तसंच होतं. फुटबॉलचा आयत गायब, त्या जागी अर्ध्या उघडलेल्या जपानी पंख्यासारखं मैदान, पंख्याच्या मुठीपाशी विटकरी मातीचा चौकोन आणि मधोमध मातीचा एक उंचवटा. मेजर लीग बेसबॉलने युरोपात मोसमातले खरेखुरे सामने पहिल्यांदा खेळवले ते इथेच, 2019 च्या जूनअखेरीस. तेव्हा कृत्रिम गवत फ्रान्सहून आलं आणि माती पेनसिल्व्हेनियाहून. माती अटलांटिकपलीकडून? हो. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पायाखालची माती घट्टही हवी आणि बुटाचे खिळे आत रुतले पाहिजेत. इतकं अचूक मिश्रण इथे करत बसण्यापेक्षा बोटीने आणलेलं बरं, असा हिशेब. सामने झाले की सगळं उचलायचं. दोन दिवसांचं स्टेडियम.

मैदानाचा आकार असा का, हे आधी समजलं पाहिजे, कारण क्रिकेटवाल्याचं पहिलं कोडं तेच असतं. क्रिकेटमध्ये चेंडू चहूबाजूंना मारता येतो, यष्टिरक्षकाच्या डोक्यावरूनसुद्धा. बेसबॉलमध्ये फलंदाजापासून दोन रेषा काटकोनात निघतात आणि चेंडू त्या काटकोनातच पडला पाहिजे. बाहेर गेला तर ‘फाऊल’. म्हणजे मैदानाचा तीन चतुर्थांश भाग फटक्यासाठी नाहीच. लेट कट, ग्लान्स, स्वीप या सगळ्या नजाकती एका रेघेने बाद. ह्यांनी पहिल्या दहा मिनिटांत ही त्रुटी शोधली आणि मोठ्या समाधानाने मला सांगितली. मी म्हटलं, “हो, पण तुमच्या फलंदाजाला मारून जागेवर उभं राहायची मुभा असते. याला नसते. चेंडू काटकोनात पडला की पळायचंच.”

या दोन रेषा एकेका टोकाला किती लांब असाव्यात आणि कुंपणाची भिंत किती उंच, याचा जगभर एकच नियम नाही. 2019 मध्ये लंडनला दोन्ही कडांना कुंपण 330 फुटांवर होतं आणि समोर मधोमध 385 फुटांवर, म्हणजे नेहमीपेक्षा जवळच. त्याची भरपाई म्हणून तिथली भिंत 16 फूट उंच केली होती. बॉस्टनच्या 1912 सालच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत तर 37 फुटांची आहे, कारण त्या बाजूला रस्ता आणि जागा संपलेली. नियमपुस्तकात एक गमतीशीर सूचनाही आहे: फलंदाजाच्या पायाशी असलेल्या पाटापासून दुसऱ्या बेसकडे, म्हणजे धावण्याच्या वाटेवरच्या दुसऱ्या टप्प्याकडे, जाणारी रेषा शक्यतो पूर्व-ईशान्येला असावी. दुपारचा सामना, सूर्य पश्चिमेला कलणार, तो फलंदाजाच्या पाठीशी असलेला बरा. आपल्याकडे घर बांधताना दिशा बघतात, तसंच. उधारीच्या स्टेडियममध्ये मात्र स्टँड आधीच बांधलेले असतात आणि मैदान त्यांत बसवावं लागतं. लंडनमध्ये रेषांच्या बाहेरची जागा इतकी ऐसपैस उरली होती की प्रेक्षक खेळापासून लांब गेले. अमेरिकेतल्या जुन्या मैदानांवर पहिल्या रांगेतल्या माणसाला खेळाडूची शिवी ऐकू येते म्हणतात. इथे ते सुख नव्हतं.

खेळ सुरू झाला. न्यूयॉर्क मेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया फिलीज. आता गंमत बघा. त्याच वेळी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या आयझेनहॉवर पार्कमध्ये भारत-पाकिस्तानची नाणेफेक पावसाने लांबली होती. तेही स्टेडियम दोन घडीचंच. 34,000 लोक बसतील असे स्टँड, त्यांतला मोठा भाग लास व्हेगासच्या मोटारशर्यतीसाठी वापरलेला. खेळपट्ट्या फ्लोरिडात ट्रेमध्ये वाढवून ट्रकांवरून न्यूयॉर्कला आणलेल्या. म्हणजे न्यूयॉर्कचा संघ लंडनला आणलेल्या मातीवर बेसबॉल खेळतोय आणि त्याच तासाला न्यूयॉर्कच्या अंगणात आणलेल्या मातीवर क्रिकेट चाललंय. दोन शेजारणींनी एकमेकींच्या घरी एकाच दिवशी हळदीकुंकवाला जावं आणि दोघींच्याही दाराला कुलूप सापडावं, तसं. ह्यांनी एका कानात ते बारकं यंत्र खुपसलं होतं. एका डोळ्याने मैदान, दुसऱ्याने फोन.

“आजी, हे राउंडर्सच आहे!” नात म्हणाली. ती इथल्या शाळेत पाचवीत. ब्रिटनमधल्या शाळांतून मुलामुलींना राउंडर्स शिकवतात: आखूड बॅट एका हातात धरायची, चेंडू मारायचा आणि चार खांबांना वळसा घालून यायचं. तिला नियम समजावायची वेळच आली नाही. समजावायचं होतं ते तिच्या आजोबांना, आणि ते मी आपल्या शब्दांत समजावलं. बेस म्हणजे भोज्या. लहानपणी अंगणात खेळायचो ना, भोज्याला हात टेकला की सुरक्षित, मधे सापडलं की राज्य. इथे चार भोज्ये, एकेकात 90 फूट, म्हणजे साधारण साडेसत्तावीस मीटर अंतर. शेवटचा भोज्या म्हणजे फलंदाज उभा राहतो तो पाटच. सगळ्यांना शिवून परत आलं की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव दुसऱ्याकडे. असे नऊ डाव. चेंडू योग्य पट्ट्यातून गेला आणि मारता आला नाही तर स्ट्राइक, तीन स्ट्राइक म्हणजे बाद. पट्ट्याबाहेर टाकलेले चार चेंडू सोडले तर फुकट पहिला भोज्या.

“म्हणजे वाइड,” हे म्हणाले. गाडी रुळावर येत होती.

नातीचं ‘हे राउंडर्सच आहे’ हे वाक्य मात्र साधं नाही. या एका वाक्यावरून अमेरिकेत दोन मोठी माणसं भांडली. हेन्री चॅडविक हा 1824 मध्ये इंग्लंडातल्या एक्झिटरला जन्मलेला पत्रकार. तो न्यूयॉर्कला क्रिकेटच्या बातम्या लिहीत असे, मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. सामन्याचा धावफलक छापायची पद्धत, फलंदाजाची सरासरी, हे सगळं क्रिकेटच्या वहीतून उचलून त्याने बेसबॉलला दिलं. तो उघड लिहायचा की हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्समधून आला. अल्बर्ट स्पॉल्डिंगला हे खपेना. हा 1874 च्या दौऱ्यावर आलेला खेळाडू, नंतर क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी. राष्ट्रीय खेळ परक्या मातीतला कसा असेल? 1905 साली त्याच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली आणि दोन वर्षांनी तिने जाहीर केलं की हा खेळ 1839 मध्ये कूपर्सटाउन या गावी अ‍ॅबनर डबलडे या माणसाने शोधला. पुरावा? एका म्हाताऱ्याने लिहून पाठवलेली आठवण. डबलडे तेव्हा त्या गावातच नव्हता, लष्करी शिक्षण घेत होता. तरीही बेसबॉलचं मोठं संग्रहालय आज कूपर्सटाउनमध्येच आहे. पुराव्याअभावी उभी राहिलेली तीर्थस्थळं काही आपल्याकडेच असतात असं नाही.

गंमत अशी की चॅडविकही पुरता बरोबर नव्हता. ‘राउंडर्स’ हे नाव छापील पुस्तकांत दिसू लागतं 1828 च्या सुमारास. ‘बेस-बॉल’ हे नाव इंग्लंडात त्याच्या कितीतरी आधीचं. लंडनच्या जॉन न्यूबेरीने 1744 मध्ये मुलांसाठी एक चिमुकलं पुस्तक काढलं, त्यात या खेळाची चारोळी आणि चित्र आहे. 1748 मधल्या एका पत्रात लेडी हर्व्ही सांगते की प्रिन्स ऑफ वेल्सचं कुटुंब घरात बसून काय खेळतं, तर बेस-बॉल. हा राजपुत्र क्रिकेटचाही शौकीन होता. विल्यम ब्रे नावाच्या तरुणाने 1755 च्या ईस्टर सोमवारी गिल्डफर्डला आपण हा खेळ खेळल्याची नोंद रोजनिशीत केली आहे, आणि सोबत खेळणाऱ्यांत मुलीही होत्या. ही रोजनिशी या शतकात उजेडात आली. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ची नायिका कॅथरिन चौदाव्या वर्षी पुस्तकांपेक्षा क्रिकेट आणि बेस-बॉलमध्ये रमते. कादंबरी छापली गेली 1817 अखेरीस, लिहिली त्याच्याही बरीच आधी. म्हणजे डबलडे ज्या साली खेळ ‘शोधणार’ होता, त्याच्या वीस वर्षं आधी इंग्रजी कादंबरीतली मुलगी तो खेळून मोठीही झाली होती.

मला या यादीत रस वाटतो तो मुलींमुळे. इंग्लंडात हा खेळ मुली, पोरं, सुट्टीला जमलेली तरुण मंडळी यांचा राहिला. क्रिकेटला जमीनदार मिळाले, पैजा मिळाल्या, क्लब मिळाले. बेस-बॉलला परसदार मिळालं. मग तो बोटीत बसून अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने 1845 मध्ये त्याचे नियम लिहून काढले आणि परसदारातला खेळ तालेवार झाला. सासरी नशीब काढलेल्या मुलीला माहेरी कुणी ओळखू नये, तशी नंतर त्याची इंग्लंडात गत झाली.

ओळखलं नाही असंही म्हणवत नाही, कारण एकदा इंग्लंडने त्याच्यासाठी खास मैदान बांधलं होतं. डर्बी शहरात फ्रान्सिस ली या कारखानदाराची लोखंडी ओतकामाची फाउंड्री होती. 1889 मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथे कामगारांना बेसबॉल खेळताना पाहून भारावला आणि परत येऊन आपल्या कामगारांसाठी कारखान्याला लागून मैदान तयार केलं. त्याच सुमाराला स्पॉल्डिंगने आपले खेळाडू जगभर फिरवत आणले होते. लंडनच्या ओव्हलवर प्रिन्स ऑफ वेल्ससमोर त्यांचा सामनाही झाला. 1890 मध्ये इंग्लंडात चार संघांची लीग निघाली: डर्बी, अ‍ॅस्टन व्हिला, प्रेस्टन आणि स्टोक. बाकीचे तिघे फुटबॉल क्लब. उन्हाळ्यात गडी रिकामे, तर त्यांना बेसबॉल खेळवू असा विचार. डर्बीकडे अमेरिकन खेळाडू होते आणि डर्बी जिंकत सुटला. इतरांनी कुरकुर केली, प्रकरण चिघळलं, डर्बीने मोसम अर्ध्यावर सोडला आणि अजिंक्यपद गेलं अ‍ॅस्टन व्हिलाला. लीग त्या एका उन्हाळ्यातच आटोपली.

मैदान राहिलं. 1895 मध्ये डर्बी काउंटी हा फुटबॉल क्लब तिथे कायमचा राहायला आला. त्यांचा विक्रमी गोल करणारा स्टीव्ह ब्लूमर उन्हाळ्यात तिथेच बेसबॉलही खेळायचा. पुढे बेसबॉल गेला, नाव मात्र गेलं नाही: ‘द बेसबॉल ग्राउंड’. चाळीस-चाळीस हजार माणसं ‘बेसबॉल ग्राउंड’वर फुटबॉल बघायला जमायची आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नसे. ब्रायन क्लफच्या हाताखाली 1972 मध्ये डर्बी काउंटी इंग्लंडचा विजेता झाला तो याच मैदानावरून. चिखलासाठी ते कुप्रसिद्ध होतं. 1997 च्या मे महिन्यात आर्सेनलविरुद्ध तिथला शेवटचा लीग सामना झाला, क्लब नव्या स्टेडियमात गेला, पुढच्या दशकात मैदान पाडलं आणि आता तिथे घरं आहेत. माझगावात आज माशांचं गाव नाही तसंच ते. लेकीला मी म्हटलं, पुढच्या वेळी डर्बीला जाऊ. ती म्हणाली, “आई, तिथे बघायला काय आहे?” खरंच काही नाही. मला तरीही जायचं आहे.

(इंग्लंडने बेसबॉलमध्ये अमेरिकेला हरवलं आहे, हे ऐकून तर जावईबुवांनी हातातला हॉट डॉग खाली ठेवला. ऑगस्ट 1938 मध्ये लिव्हरपूल, हल, लीड्स अशा गावांतून पाच सामने झाले आणि ब्रिटनने 4-1 अशी मालिका जिंकली. पहिलं जागतिक अजिंक्यपद म्हणून त्याची नोंद आहे. संघात कॅनडाहून आलेल्यांचा भरणा होता, हे जिंकल्यावर कोण सांगत बसतो. वर्षभरात युद्ध लागलं आणि प्रेक्षकांचं मन दुसरीकडे गेलं.)

मैदानावर पिचर उंचवट्यावर चढला. हा उंचवटा 10 इंचांचा. तिथून फलंदाजाच्या पाटापर्यंत 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत 17.68 मीटर. दोन्ही खेळांनी वेगवेगळ्या वाटांनी जवळपास तेवढंच अंतर गाठलं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. माणसाचा खांदा आणि माणसाचा डोळा यांचा मेळ तिथेच बसत असणार. ताशी 150 किलोमीटरने आलेला चेंडू साधारण 0.4 सेकंदात पोचतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि गोल दांडकं फिरवायचं. दांडक्याची जाडी जास्तीत जास्त 6.6 सेंटिमीटर, क्रिकेटची बॅट 10.8 सेंटिमीटर रुंद आणि वर सपाट. गोल वस्तूने गोल वस्तू मारायची. म्हणूनच दहापैकी तीनदा यशस्वी होणारा फलंदाज इथे थोर मानतात. सात वेळा नापास होऊन पहिल्या वर्गात येण्याची सोय दुसऱ्या कुठल्या परीक्षेत नसेल.

चेंडू टप्पा पडून येत नाही, त्यामुळे पिचरची सगळी कलाकुसर हवेत. चेंडूवर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके असतात. बोटांनी त्याला जशी फिरकी द्यावी तशी एका बाजूची हवा चेंडूला चिकटून पुढपर्यंत जाते, दुसऱ्या बाजूची लवकर सुटते, आणि चेंडू कलतो. पुढच्या बाजूने फिरवला तर फलंदाजाजवळ येऊन अचानक खाली बसतो, उलटा फिरवला तर खाली यायला कुरकुरतो. क्रिकेटमधला स्विंग निराळा. तिथे चेंडूच्या शिवणीने एका बाजूची हवा विस्कटते. शिवाय क्रिकेटचा चेंडू म्हातारा होऊ देतात, एक गाल घासून चकचकीत, दुसरा खडबडीत. त्या म्हातारपणातच रिव्हर्स स्विंग दडलेला. बेसबॉलमध्ये चेंडूला ओरखडा पडला की तो फेकून नवा. आणि नवा चेंडूही आधी न्यू जर्सीतल्या एका ठिकाणच्या चिखलाने चोळतात, गुळगुळीतपणा जावा म्हणून. हा सगळा उपद्व्याप सुरू झाला त्यामागे एक मृत्यू आहे. 1920 मध्ये रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मळलेला चेंडू संध्याकाळी त्याला दिसला नसावा, असं मानलं गेलं. तेव्हापासून मळका चेंडू मैदानात राहू देत नाहीत.

या दोन कला एकाच हातात असलेला एक माणूस होऊन गेला, आणि त्याची गोष्ट मी ह्यांच्यासाठी राखून ठेवली होती. बार्ट किंग. गाव फिलाडेल्फिया, म्हणजे समोर खेळणाऱ्या फिलीजचंच. एके काळी फिलाडेल्फियात क्रिकेट जोरात होतं. किंग पोरवयात बेसबॉल खेळला, पिचरची मनगटं घेऊन क्रिकेटमध्ये आला आणि चेंडू उशिरा आत वळवायला शिकला. 1897 मध्ये फिलाडेल्फियाचा संघ इंग्लंडला आला. होव्हला ससेक्सविरुद्ध किंगने 13 धावांत 7 बळी घेतले, आणि त्यांत एक होता आपला रणजी. पहिल्याच चेंडूवर त्रिफळा! पुढे 1908 च्या इंग्लंड दौऱ्यात किंगने गोलंदाजीच्या सरासरीत सगळ्या इंग्रजांना मागे टाकलं.

“रणजी? पहिल्या चेंडूवर?” ह्यांनी कानातलं यंत्र काढलं. तेवढ्यात तिकडे कोहली चार धावांवर गेल्याचं त्यांना कळलेलं होतंच. मग त्यांनी पहिल्यांदा पिचरच्या मनगटाकडे नीट पाहिलं.

स्टँडमधली मजा वेगळी. इथे चेंडू प्रेक्षकांत आला तर परत द्यायचा नाही, तो तुमचा. त्यामुळे आमच्या पुढच्या रांगेतली पोरं चामड्याचे हातमोजे चढवून तीन तास सज्ज बसलेली. संघांचे शर्ट बघाल तर अमेरिकेतल्या निम्म्या गावांचे. ज्याच्याकडे जो शर्ट होता तो घालून आलेला, लग्नाला यावं तसा. 2019 मध्ये मध्यंतरात चर्चिल, आठवा हेन्री, फ्रेडी मर्क्युरी आणि लॉख नेसचा राक्षस यांच्या वेशातल्या बाहुल्यांची शर्यत लावली होती. इंग्रजी इतिहासाचा एवढा आटोपशीर धडा मी दुसरीकडे पाहिला नाही. त्या वर्षीचा पहिला सामना 17-13 असा संपला आणि चालला 4 तास 42 मिनिटं. पहिल्याच डावात दोन्ही संघांनी सहा-सहा धावा केल्या. 2023 पासून मात्र पिचरने किती सेकंदांत चेंडू टाकायचा याचं घड्याळ लावलं आहे, म्हणून आम्ही वेळेत सुटलो.

सुटलो ते मात्र एका क्षणात. शेवटचा डाव. मेट्स 6-5 असे एका धावेने पुढे. फिलीजची फलंदाजी, एक गडी बाद, तिन्ही भोज्यांवर त्यांचे गडी उभे. एक धाव आली की बरोबरी, दोन आल्या की जिंकले. पन्नास हजारांवर माणसं उभी राहिली, हेही उभे राहिले. निक कास्तेयानोसने दांडकं फिरवलं आणि चेंडू लागला खरा, पण कुठे, तर पायापुढे लुटुलुटु घरंगळत गेला. मेट्सचा कॅचर, म्हणजे त्यांचा यष्टिरक्षकच म्हणा, लुईस टोरेन्स वाकला, चेंडू उचलला, घरच्या पाटावर पाय ठेवला आणि वळून पहिल्या भोज्याकडे फेकला. दोन बाद. खेळ खलास.

“अरे पण त्याने त्या पळणाऱ्याला शिवलंच नाही!” हे ओरडले.

शिवायची गरजच नव्हती. एका भोज्यावर दोघांना राहता येत नाही. मारणारा पहिल्याकडे निघाला की पहिल्यावरच्याला दुसरा गाठावाच लागतो, दुसऱ्यावरच्याला तिसरा, तिसऱ्यावरच्याला घर. ज्याला पळणं भाग आहे त्याच्या आधी चेंडू घेऊन भोज्यावर पोचलं की तो बाद. “रन-आउटमध्ये तरी फलंदाजाला कुठे शिवता? यष्ट्याच उडवता ना?” मी विचारलं. हे क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, “म्हणजे दोन्ही टोकांना एकाच चेंडूवर रन-आउट.” चाळीस वर्षांत माझा सॉफ्टबॉल त्यांना तेव्हा कळला.

परतीच्या गाडीत फोन सगळ्यांच्या मधोमध. भारत 119 वर सर्वबाद झाला होता, न्यूयॉर्कची ती फ्लोरिडाहून आणलेली खेळपट्टी फलंदाजांना हसत होती. जावईबुवांना तीन दिवसांपूर्वीचा सामना आठवला. डॅलसजवळ ग्रँड प्रेअरीला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरने. मुंबईचा मुलगा, भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघातून विश्वचषक खेळलेला, रणजी करंडक खेळलेला, मग शिकायला अमेरिकेला जाऊन सॉफ्टवेअर इंजिनिअर झालेला. “आणि ते स्टेडियम कसलं होतं माहितेय?” जावईबुवा म्हणाले. मला माहीत होतं, पण सांगू दिलं. ते 2008 मध्ये बेसबॉलसाठी बांधलेलं. तिथला बेसबॉलचा संघ गेला, 2023 मध्ये मैदान क्रिकेटचं केलं. डर्बीची गोष्ट, फक्त समुद्रापलीकडे आणि उलट दिशेने.

डॉलिस हिल गेलं. इथल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू या स्टेशनापासून जवळच; 1932 साली स्थापन झालेलं हे मंडळ. गणपतीत आम्ही तिथे गेलो होतो. नातीने तेवढ्यात विचारलं, “आजी, आता ते स्टेडियम कुठे जाणार?” मी सांगितलं की गवत गुंडाळतील, माती खरवडतील, आणि पुढच्या महिन्यात तिथे धावण्याच्या शर्यती आहेत. न्यूयॉर्कचं तर आणखी तीन दिवसांत, भारत-अमेरिका सामना झाला की, लगेच मोडायला घेणार होते.

घरी पोचलो तेव्हा बुमराने रिझवानचा त्रिफळा उडवला होता. शेवटच्या षटकात पाकिस्तानला 18 हव्या होत्या, अर्शदीपने 11 दिल्या. सहा धावांनी जिंकलो. हे खुर्चीतून उठले, स्वयंपाकघरात आले आणि उरलेली एक पुरी खात म्हणाले, “ते चार चेंडू सोडले की फुकट पहिला भोज्या, तो मुद्दाम देतात का गं कधी?”

देतात. समोरचा फलंदाज फार चांगला असेल तर देतात. मी कणीक भिजवायला घेतली आणि सांगायला बसले.